धुळीच्या मुलखात थंड हवेचे मोल

नंदुरबार तालुक्यातील रनाळे हे गाव नंदुरबार आणि दोंडाईचा या दोन बाजारपेठांच्या दरम्यान, सुरत-भुसावळ लोहमार्गाच्या पट्ट्यात वसलेले आहे. तापी खोऱ्यातील काळी जमीन, कापूस आणि मिरची ही नगदी पिके, पावसाळा सरला की रस्त्यांवर आणि शिवारात उडू लागणारी धूळ आणि एप्रिल-मे महिन्यांत ४२-४३ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणारे तापमान ही या परिसराची सर्वपरिचित लक्षणे असून, येथे धावणाऱ्या प्रत्येक मोटारीला इंधनाइतकीच जी वस्तू लागते ती हवादेखील याच धुळीतून आणि याच उन्हातून घ्यावी लागते. इंजिनात हवा कोणत्या वाटेने जावी, ती किती गाळलेली असावी आणि किती थंड असावी, या तीन प्रश्नांची उत्तरे गेल्या शतकभरात वेगवेगळ्या काळी वेगवेगळी दिली गेली. जुन्या गाडीला बाजारातून आणलेले ‘कोल्ड एअर इनटेक’ बसवणे फायद्याचे ठरते का, हा आजच्या हौशी मालकांचा प्रश्न याच इतिहासाचा शेवटचा टप्पा आहे. तो इतिहास पाहता असे दिसते की खानदेशासारख्या प्रदेशात हवेचा गारवा हा नेहमीच दुय्यम मुद्दा राहिला आणि तिची स्वच्छता हीच इंजिनाचे आयुष्य ठरवत आली.

कोल्ड एअर इनटेक म्हणजे मूळ एअर फिल्टरची पेटी काढून तिच्या जागी रुंद, गुळगुळीत नळी आणि तिच्या टोकाला बहुधा शंकूच्या आकाराचा धुता येणारा फिल्टर बसवण्याची जोडणी होय. फिल्टरचे तोंड बोनेटखालच्या तापलेल्या जागेतून हलवून बंपरच्या मागे किंवा चाकावरच्या पोकळीत नेले, तर इंजिनाला बाहेरची थंड हवा मिळेल, असा तिच्यामागचा विचार असतो. त्याला भौतिकशास्त्राचा आधार आहे. दाब तोच राहिला तर हवेची घनता तिच्या निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणून समुद्रसपाटीच्या दाबाला ४३ अंशांच्या हवेचे एका घनमीटरमागे वजन सुमारे १.१२ किलो भरते, तर बोनेटखाली ६५ अंशांपर्यंत तापलेल्या हवेचे सुमारे १.०४ किलो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागत असल्याने सिलिंडरमध्ये जितकी जड हवा भरेल तितके अधिक इंधन जाळता येते आणि तितकी अधिक शक्ती मिळू शकते. एक लिटर पेट्रोल जाळण्यासाठी उन्हाळ्यातील नऊ ते दहा हजार लिटर हवा इंजिनातून जाते, हे लक्षात घेतले म्हणजे या वाटेचे महत्त्व आणि तिच्यातून आत शिरू शकणाऱ्या धुळीचा धोका, दोन्ही एकदमच ध्यानात येतात.

मोटारींच्या आरंभकाळात या धोक्याची जाणीव फारशी नव्हती. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’सारख्या लाखोंच्या संख्येने बनलेल्या गाडीलाही एअर फिल्टर नव्हता; कार्बोरेटर, म्हणजे हवेच्या झोतात पेट्रोलचे तुषार मिसळणारे उपकरण, न गाळलेलीच हवा ओढत असे. डांबरी रस्त्यावर हे काही काळ चालून गेले, परंतु नांगरटीच्या धुळीत तासन्‌तास चालणाऱ्या ट्रॅक्टरला ते मानवले नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ट्रॅक्टर विकणाऱ्या फ्रँक डोनाल्डसन यांनी धुळीमुळे इंजिने निकामी होताना पाहून १९१५ मध्ये ट्रॅक्टरसाठी हवा गाळण्याचे साधन तयार केले आणि त्यातूनच त्यांच्या नावाची कंपनी उभी राहिली. हवा गाळण्याची विद्या अशा रीतीने शेतात जन्मली आणि तेथून मोटारीत आली, ही बाब शेतीप्रधान प्रदेशाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे.

धुळीचा इंजिनावरील परिणाम समजण्यासारखा आहे. मुरूम आणि वाळू यांतील कठीण कण पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामधील तेलाच्या पातळ थरात मिसळले की ते तेल गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पेस्टसारखे काम करू लागते. रिंगा झिजतात, दाब निसटतो, इंजिन ऑइल पिऊ लागते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि अखेरीस इंजिन उघडून बोअर करून घेण्याची किंवा नव्या स्लीव्ह बसवण्याची वेळ येते. ही झीज एका दिवसात दिसत नाही. म्हणूनच फिल्टरकडे केलेले दुर्लक्ष आणि त्याची किंमत यांतील संबंध मालकाच्या लक्षात पुष्कळदा उशिरा येतो.

या समस्येवर विसाव्या शतकाच्या मध्यास सर्वत्र रूढ झालेला उपाय म्हणजे ‘ऑइल बाथ’ एअर क्लीनर. या डब्याच्या तळाशी ठरावीक खुणेपर्यंत ऑइल भरलेले असते; वरून येणारी हवा तेलाच्या पृष्ठभागाजवळ एकदम वळते, तेव्हा जड धूलिकण सरळ जाऊन तेलात अडकतात आणि हवेबरोबर उडालेल्या तेलाने ओली झालेली तारेची जाळी उरलेले कण पकडते. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपला असाच क्लीनर होता आणि त्या जीपची परंपरा महाराष्ट्रात आली ती महिंद्रामार्फत. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९४८ मध्ये ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ हे नाव धारण केलेल्या या कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू केली. पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीची डिझेल इंजिने याच कालखंडात महाराष्ट्रभर विहिरींवर बसू लागली आणि पुढे १९६० च्या दशकात ट्रॅक्टरांचे देशी उत्पादन सुरू झाले. खेड्यातील मिस्त्रीला मोटारीच्या आधी ओळख झाली ती अशा इंजिनांची, आणि त्यांच्यासोबत ऑइल बाथचीही.

ऑइल बाथची थोरवी त्याच्या साधेपणात होती. त्याला बदलण्याचा भाग नव्हता. डबा उघडून गाळ काढायचा, जाळी रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुवायची, नवे ऑइल खुणेपर्यंत भरायचे, एवढ्याने तो पुन्हा कामाला तयार होई, त्यामुळे सुट्या भागांचे दुकान दूर असलेल्या गावाला तो सोयीचा पडला. त्याला मर्यादाही होत्या. हवेचा वेग कमी असताना, म्हणजे इंजिन मंद चालत असताना, त्याची गाळण्याची क्षमता घटते. गाडी फार कलली तर तेलाची पातळी बिघडते. आणि खुणेपेक्षा जास्त तेल भरले तर ते हवेबरोबर इंजिनात ओढले जाते, ज्यामुळे डिझेल इंजिन त्या तेलावरच बेफाम पळू शकते. घडीदार कागदाचा फिल्टर सर्व वेगांना अधिक बारीक कण अडवतो, म्हणून १९५० च्या दशकापासून मोटारींमध्ये आणि पुढे ट्रॅक्टरांमध्येही तो ऑइल बाथची जागा घेत गेला. गावोगावच्या गॅरेजांत कागदी फिल्टरला कॉम्प्रेसरने हवा मारून तो पुन्हा बसवण्याची पद्धत पडली. तिच्यामागे काटकसर असली तरी फार दाबाने उलट-सुलट हवा मारल्यास कागदाला सूक्ष्म छिद्रे पडतात आणि दिसायला स्वच्छ असलेला फिल्टर प्रत्यक्षात धूळ आत सोडू लागतो.

हवेच्या तापमानाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उपस्थित होतो तो कार्बोरेटरच्या पेट्रोल मोटारींत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० तयार होऊ लागली आणि तिच्याच वंशातील १०८९ घन सेंटिमीटर इंजिनाची गाडी १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने घरोघरी परिचित झाली. तिचा आणि तिच्या समकालीन अ‍ॅम्बेसेडरचा एअर क्लीनर इंजिनाजवळच असे आणि बोनेटखालचीच हवा घेत असे. युरोपातील रचनाकारांना त्यात फारसे गैर वाटत नव्हते, कारण त्यांची चिंता उलट होती. पेट्रोलचे बाष्प होताना कार्बोरेटर थंड पडतो. दमट आणि थंड हवेत त्याच्या गळ्यात बर्फ साचून इंजिन बंद पडू शकते. यासाठी तिकडच्या अनेक गाड्यांत हिवाळ्यात सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळची गरम हवा आणि उन्हाळ्यात बाहेरची हवा घेण्यासाठी तोंड फिरवण्याची सोय असे, तर अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून धुरातील दूषित वायू कमी करण्यासाठी तापमानानुसार गरम-थंड हवा आपोआप मिसळणारी झडप आली. ज्या प्रदेशात कोरडा उन्हाळा हाच वर्षाचा कठीण काळ आहे, तेथे ही गरम हवेची तजवीज बहुतांशी निरुपयोगी होती.

तरीही खानदेशी उन्हात या गाड्यांनी दिलेला त्रास मुख्यतः हवेमुळे नव्हता, तर पेट्रोल आणि पाणी तापण्यामुळे होता. पेट्रोलचे काही घटक कमी तापमानालाच उकळतात. भर उन्हात चढण चढून गाडी थांबली की इंजिनाची उष्णता पेट्रोल पंपाकडे आणि नळीकडे पसरते, नळीत बाष्पाचे बुडबुडे धरतात आणि पंप पेट्रोलऐवजी वाफ ओढू लागतो. यालाच वेपर लॉक म्हणतात. पेट्रोल पंपावर ओले फडके गुंडाळणे आणि बोनेट उघडून गाडी सावलीला उभी करणे हे उपाय त्या काळच्या चालकांना पाठ होते. गाडी गरम होऊन ‘पिकअप’ गेला, अशी तक्रार ऐकून तिला थंड हवेची नळी बसवणे म्हणजे रोग एका जागी आणि औषध दुसऱ्या जागी असे होय. रेडिएटर साफ करणे, पंख्याचा पट्टा ताणणे, पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून दूर घेणे आणि इग्निशनची वेळ जुळवणे यांनी जे साधते ते नळी बदलून साधत नाही.

मग पद्मिनीसारख्या गाडीला बाहेरची हवा दिल्याने मिळते किती, हे मोजून पाहता येते. ६५ अंशांऐवजी ४३ अंशांची हवा घेतली तर घनता सुमारे ७ टक्के वाढते; परंतु हवा सिलिंडरपर्यंत पोहोचेतो गरम मॅनिफोल्डमधून जात असल्याने हा लाभ पूर्णपणे टिकत नाही, म्हणून पेट्रोल इंजिनांच्या चाचण्यांतील प्रचलित सूत्रे शक्ती निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात धरतात. त्या हिशेबाने वाढ ३ ते ४ टक्के, म्हणजे सुमारे ४० अश्वशक्तीच्या इंजिनात जेमतेम दीड अश्वशक्ती भरते, आणि तीही अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला असतानाच. सपाट रस्त्यावर ताशी ५०-६० किलोमीटर वेगाने जाताना इंजिनाच्या कमाल शक्तीचा थोडासाच भाग वापरला जातो आणि थ्रॉटलची झडप अर्धवट मिटलेली असते. हवा थंड मिळाली तर चालकाचा पाय नकळत थोडा वर येतो, एवढाच फरक पडतो. शिवाय गाडी वेगात असताना बोनेटखालून वाराही वाहत असतो, त्यामुळे ६५ अंशांचा आकडा गर्दीत रेंगाळणाऱ्या गाडीला लागू पडतो, मोकळ्या रस्त्यावरच्या गाडीला तितका नाही. हवेची घनता बदलली की कार्बोरेटरमधील मिश्रणाचे प्रमाणही किंचित बदलते आणि मोकळा फिल्टर बसवल्यास ते अधिक बदलते, म्हणून जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोक, न बदलता केलेली जोडणी कित्येकदा इंजिन कमजोरच करते.

१९८० च्या दशकानंतर ग्रामीण महाराष्ट्राची वाहतूक प्रामुख्याने डिझेलवर गेली. प्युजोच्या परवान्याने बनलेली डिझेल इंजिने महिंद्राच्या जीपगाड्यांत आली. पुढे पुण्याच्या बजाज टेम्पोची ‘ट्रॅक्स’ आणि १९९४ मध्ये टाटांची ‘सुमो’ आली. एस. टी. पोहोचत नाही तेथे प्रवाशांना नेणारी काळी-पिवळी जीप ही सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांची नित्याची सोय झाली. या काळातील साध्या, टर्बो नसलेल्या डिझेल इंजिनात थ्रॉटल नसते. प्रत्येक फेरीला सिलिंडर मिळेल तितकी हवा भरून घेतो आणि शक्ती ठरते ती पंपाने सोडलेल्या डिझेलवर. पूर्ण भारालाही त्यात जरुरीपेक्षा जास्त हवा असते, म्हणून हवा थंड केली तरी डिझेल तेवढेच राहिल्यास शक्तीत जाणवण्याजोगी वाढ होत नाही, फार तर काळा धूर थोडा कमी होतो. शक्ती हवी असलेला मालक त्यामुळे मिस्त्रीकडून पंप वाढवून घेई आणि त्याची किंमत धुराच्या लोटात, तापणाऱ्या इंजिनात आणि घटलेल्या अ‍ॅव्हरेजमध्ये मोजी. टर्बोचार्जर आणि दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर यांनी हाच हेतू कारखान्यातच, पूर्ण रचनेसह साध्य केला.

पेट्रोल गाड्यांतही कारखान्यांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडवला. २००० साली लागू झालेल्या प्रदूषण मानकांबरोबर कार्बोरेटर मागे पडून इंधन इंजेक्शन रूढ झाले. हवेचे तापमान आणि दाब मोजून इंधनाचे प्रमाण ठरवणारा संगणक आला आणि एअर फिल्टरच्या बंद पेटीचे तोंड हेडलाइटच्या मागे किंवा रेडिएटरच्या पुढच्या बाजूला नेले गेले. म्हणजे आज ‘जुनी’ म्हटली जाणारी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची बहुतेक इंजेक्शन गाडी मुळातच बाहेरची हवा घेते. त्या पेटीत एक पोकळी हवेचा आवाज दाबण्यासाठी मुद्दाम ठेवलेली असते. तिच्या जागी उघडा शंकू बसवला की इंजिनाची घरघर मोठ्याने ऐकू येते आणि तो आवाजच शक्तीचा पुरावा मानला जातो. वास्तविक शंकू बोनेटखाली उघडा असेल तर इंजिन पूर्वीपेक्षा गरम हवा घेऊ लागलेले असते.

या वस्तूंचा व्यापार अमेरिकेतील शर्यतींच्या संस्कृतीतून वाढला. तेथे १९६० च्या दशकात मोठ्या इंजिनांच्या गाड्यांच्या बोनेटवर हवा घेणारी तोंडे आली आणि तेलाने ओलावलेल्या सुती कापडाचे, धुऊन पुन्हा वापरता येणारे फिल्टर कॅलिफोर्नियातील के अँड एन या कंपनीने लोकप्रिय केले. शर्यतीत इंजिन बराच वेळ पूर्ण थ्रॉटलवर असते, दोन-तीन टक्क्यांनी निकाल फिरतो आणि शर्यत संपली की इंजिन उघडून पाहिले जाते. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या भारतीय स्पर्धकांसाठी हेच गणित योग्य होते. मुंबईतील ऑपेरा हाउस किंवा पुण्यातील नाना पेठ यांसारख्या सुट्या भागांच्या पेठांतून ही साधने पुढे सर्वसामान्य मालकांपर्यंत पोहोचली, तेव्हा मात्र शर्यतीचे गणित रोजच्या रस्त्याला लावले गेले. ओल्या सुती फिल्टरमधून हवा सुलभ जाते, पण बारीक धूळ अडवण्यात चांगला कागदी फिल्टर सहसा सरस ठरतो. त्यावर तेल जास्त झाले तर काही गाड्यांतील हवा मोजणारी तप्त तार त्याने माखते. बंपरखाली नेलेल्या तोंडाला पावसाळ्यात आणखी एक धोका असतो. नाल्यावरील फरशीवरून पाणी वाहत असताना गाडी घातली आणि नळीने पाणी ओढले, तर न दाबले जाणारे ते पाणी सिलिंडरमध्ये अडकून कनेक्टिंग रॉड वाकवते.

कायद्याची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे बदल वाहनात करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कठोर अर्थ उचलून धरला. फिल्टर बदलल्याने नोंदणीतील तपशील बदलत नसला, तरी त्यामुळे मिश्रण बिघडून गाडी धुराच्या तपासणीत नापास झाली तर जबाबदारी मालकाचीच राहते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. त्यांत वाहन मूळ स्वरूपात असणे आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसणे ही अट आहे. जुन्या पद्मिनीचे किंवा जीपचे मोल ज्या दिवशी तिच्या मूळपणावर ठरू लागले, त्या दिवसापासून मूळ एअर क्लीनरचा डबा ही जपण्याची वस्तू झाली.

एकंदर विचार करता निर्णय वाहनागणिक वेगळा होतो. बोनेटखालची हवा घेणारी कार्बोरेटरची गाडी उन्हाळ्यात गर्दीतून वारंवार चालवावी लागत असेल, तर मूळ क्लीनर आणि त्याचा फिल्टर कायम ठेवून त्याच्या तोंडाला पुढच्या जाळीमागून, बंपरच्या पातळीच्या बऱ्यापैकी वरून आणलेली साधी नळी जोडणे समर्थनीय आहे; खर्च थोडा, लाभ थोडा आणि धोका जवळपास नाही. टर्बो नसलेल्या डिझेल जीपला तिची गरज नाही, इंजेक्शनच्या गाडीला ती कारखान्यानेच दिलेली आहे आणि उघडा शंकू तर धुळीच्या मुलखात या तिन्हींच्या हिताचा नाही. रनाळे परिसरातील मालकाने तोच पैसा वेळेवर बदललेल्या कागदी फिल्टरवर, त्याच्या न फाटलेल्या रबरी कडेवर, घट्ट बसणाऱ्या क्लिपांवर आणि क्लीनरपासून इंजिनापर्यंतच्या न चिरलेल्या होजवर खर्च केला, तर हिशेबाच्या दृष्टीने तो अधिक शहाणपणाचा ठरतो. कारण थंड हवेने मिळणारी दीड अश्वशक्ती क्वचितच वापरली जाते, तर चिरलेल्या होजमधून शिरणारी धूळ गाडी चालेल त्या प्रत्येक किलोमीटरला रिंगा आणि स्लीव्ह झिजवत राहते.